बिनजाळाचं

दारव्ह्याच्या सराफा ओळीत, दुकानं उघडायच्या आधी
बापू नालीतला गाळ उपसतात. चाळीस वर्षं झाली.
सोनाराच्या झाडूतून, चपलांच्या तळातून,
हात धुतलेल्या पाण्यातून जे निसटतं
ते आमचं.
झारेकरी म्हणतात आम्हाला. शाळेत मास्तर
नालीवाला म्हणायचे, तेही काही खोटं नव्हतं.

या वेळचा चौदा महिन्यांचा गाळ
घमेल्यात हिंदकळून, पाऱ्यात बांधून, तेजाबात उकळून
शेवटी कागदाच्या पुडीत आला.
तपकिरी पूड. कोणी चहाचा चोथा समजून
फुंकून दिली असती.
एक ग्रॅम, एकशे वीस मिली.

बागेसरीपुढे बसणं बापूंना आता जमत नाही.
फुंकणी ओठांत धरली की छातीत
जुना पत्रा वाजतो.

म्हणून मी मशीन केलं.
नागपूरहून मॉसफेट मागवले, एसटीच्या कंडक्टरच्या हाती.
तीन जोड्या फटाक्यासारख्या फुटल्या, चौथी टिकली.
भंगारातल्या फ्रिजची तांब्याची नळी,
तिचे सात वेढे. वेढ्यांतून गार पाणी फिरवायला
कूलरचा पंप काढला, ऐन चैतात.
आई पदरानं वारा घेत म्हणाली,
"मशीनले घाम येते, अन् मले नाही येत काय?"

बापूंनी वाकून पाहिलं. "जाळ कुठं हाय?"
जाळ नसतो यात.
"मंग तापते कायनं?"
मी सांगायला लागलो, वीज दिशा बदलते,
सेकंदाला लाखभर वेळा, धातूच्या आत भोवरे उठतात,
तेवढ्यात त्यांनी वेढ्यात बोट घातलं.
गार.
दुसरं बोट घातलं, घोड्याच्या नालेच्या अंगठीचं,
आणि हात असा ओढला, जसा विंचवानं.
अंगठी उतरवून कोनाड्यात ठेवली.
बऱ्याच वेळानं हसले:
"मले नाही ओळखत थे. लोखंडाले ओळखते."

रात्री दीडला वावरांतल्या मोटारी बंद पडल्या,
व्होल्टेज वर आलं.
अंगठ्याएवढी मूस विटेच्या खोबणीत.
पुडी रिकामी केली, कागद तीनदा टिचकीनं झटकला,
वर चिमूटभर सवागी.
पंपाची गुळगुळ, आणि डास कानाशी यावा
तशी एक बारीक कुई, एवढाच आवाज.
मूस आधी वांग्याच्या रंगाची,
मग लाल, मग पिकल्या टेंभरासारखी.

तेव्हा मी बापूंकडे पाहिलं.
गाल फुगलेले, ओठ गोल.
हातात फुंकणी नव्हती आणि ते फुंकत होते,
हळू, थांबून, पुन्हा,
मूस उजळेल तसा दम बारीक करत.
त्यांच्या ते ध्यानात नव्हतं.
मी बोललो नाही.

"डोळा उघडला," ते म्हणाले.
तळाशी एक थेंब, कोणी न ढवळता
स्वतःभोवती गरगरणारा.
स्विच बंद केला. थेंब एकदा लकाकला,
मिटला.

काट्यावर एक ग्रॅम, एकशे तीन.
"सतरा मिली कुठं गेलं?"
कचरा जळला असेल, मी म्हणालो.
"जळत नसते. सांडते."
त्यांनी वीट झटकली, टेबल पुसलं,
माझ्या शर्टाच्या बाह्यासुद्धा कागदावर झाडून घेतल्या.

पहाटे आई पंप मागायला उठली
तर बापू अंगणात, उकिडवे,
मशीनखालची कोमट बादली तिरपी धरून
पाणी बारीक धारेनं सोडत होते,
बुडाशी टॉर्च.
त्या पाण्याला सोनं शिवलंसुद्धा नव्हतं, नळीतून फिरून आलेलं फक्त.
मी तसं सांगितलं.
"हाव," ते म्हणाले,
आणि बादली आणखी जराशी कलती केली.